मध्यस्थाचा पहिला प्रश्न

‘हो की नाही, तेवढंच सांगा.’ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावंच लागतं. तो बिचारा ‘साहेब, त्याचं असं झालं...’ म्हणून तोंड उघडतो आणि समोरचे वकील त्याला तिथेच अडवतात. उलटतपासणीतलं मुरलेलं कसब असं की, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक नाही तो प्रश्न विचारायचाच नाही. पुराव्याच्या कायद्यानेही उलटतपासणीत सूचक प्रश्नांना मुभा दिली आहे. आयुष्यभर असे प्रश्न विचारून नाव कमावलेले वकील आणि त्या प्रश्नोत्तरांवर निकाल देत निवृत्त झालेले न्यायाधीश हीच मंडळी आपल्याकडे प्रामुख्याने मध्यस्थ म्हणून बसतात. त्यांना 40 तासांचं प्रशिक्षण दिलं जातं आणि मग त्याच कोर्टाच्या आवारातल्या एका खोलीत त्यांनी नेमके उलट्या जातीचे प्रश्न विचारावेत, अशी अपेक्षा असते.

ती अपेक्षा बरेचदा पहिल्या दहा मिनिटांतच गळून पडते. ‘बोला, किती घेणार?’ असा थेट सवाल येतो. एक आकडा पुढे येतो, दुसऱ्या बाजूचा आकडा त्याला कापतो आणि भाजीबाजारातली घासाघीस सुरू होते. मधल्या आकड्यावर सह्या झाल्या तर प्रकरण ‘मिटलं’, नाही झाल्या तर पुढची तारीख. दोघं भांडत कशासाठी होते, हे मध्यस्थाला शेवटपर्यंत कळलेलंच नसतं.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर आपण फार मागे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 89 नव्या रूपात 1 जुलै 2002 पासून लागू झालं आणि तडजोडीची शक्यता दिसली तर वाद बाहेरच्या मार्गाने सोडवायला पाठवण्याची वाट न्यायालयांना मिळाली. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीसाठी स्वतंत्र समिती नेमली. व्यापारी वादांत, तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर, दाव्याआधी मध्यस्थी करून पाहणं सक्तीचं असल्याचं त्याच न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं. 2023 मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा झाला. 120 दिवसांत काम आटोपावं, फार तर आणखी 60 दिवस घ्यावेत, असं तो सांगतो. खोली आहे, मुदत आहे, फॉर्म आहेत. खोलीत नेमकं काय विचारायचं, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही.

हा काही बारीकसारीक मुद्दा नव्हे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि वेगाचा अंदाज विचारला. प्रश्न एकच, फक्त क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींवर ‘जोरात आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असं ज्यांना विचारलं त्यांनी सरासरी ताशी 40 मैलांच्या वरचा आकडा सांगितला. ‘एकमेकींना लागल्या’ अशा अर्थाचा सौम्य शब्द वापरला तेव्हा तो 32 मैलांच्या आसपास आला. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने त्यांनी विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का? मुळात काच फुटलेलीच नव्हती. ‘आदळल्या’ ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जणांना ती आठवली, साध्या ‘धडकल्या’वाल्या 50 पैकी फक्त सात जणांना. आता ‘त्यांनी तुम्हाला फसवलं तेव्हा काय झालं?’ असं विचारणारा मध्यस्थ डोळ्यांसमोर आणा. पक्षकाराच्या डोक्यात तो स्वतःच्या हाताने काचा पसरत असतो.

नेहमीचा एक तंटा घेऊ. दोघं भाऊ, सामाईक विहीर. थोरला गावात राहून शेती करतो, धाकटा पिंपरी-चिंचवडला कंपनीत. विहीर खोल करायला कर्ज थोरल्याने काढलं, म्हणून तो म्हणतो विहीर माझी. धाकटा म्हणतो, जमीन वडिलोपार्जित आहे, माझी पाण्याची पाळी मला मिळालीच पाहिजे. दावा दाखल होऊन काही वर्षं उलटलेली, बोलणं बंद, एकमेकांच्या कार्याला जाणं बंद.

इथे ‘पाण्यात अर्धा हिस्सा द्यायला काय हरकत आहे?’ हा पहिला प्रश्न असेल तर थोरल्याला मध्यस्थ धाकट्याच्या बाजूचा वाटणार. ‘तुम्ही पाणी का अडवलंत?’ हे त्याहून वाईट. आपल्याकडे ‘का’ने सुरू होणारा प्रश्न घरात बापाने आणि शाळेत मास्तरांनी विचारलेला असतो. तो ऐकला की माणूस कारण सांगत नाही, बचाव करतो. जाणता मध्यस्थ म्हणेल, ‘दादा, विहिरीचं काम निघालं तिथपासून सांगा.’ आणि गप्प बसेल. ही गप्प बसण्याची कला प्रश्नाइतकीच अवघड आहे. थोरला दहा मिनिटं कर्ज, ब्लास्टिंग, मोटार याबद्दल बोलतो आणि मग मूळ दुखणं ओठावर येतं: ‘हा सणाला येतो, चार दिवस राहतो आणि हिशेब मागतो.’ मध्यस्थ ते वाक्य डंख काढून परत त्याच्याच पुढ्यात ठेवतो. ‘वर्षभर तुम्ही जे राबता त्याची कुणी दखल घेतली नाही, असं म्हणताय. बरोबर समजलो का मी?’ समोर बसलेल्या धाकट्यालाही ते पहिल्यांदाच शिवीगाळीशिवाय ऐकायला मिळतं.

मग धाकट्याकडे वळायचं. ‘पाळी मिळाली, असं धरू. या हंगामात काय लावणार?’ तो अडखळतो. लावणार काहीच नाही, सुट्टीच मिळत नाही. ‘मग पाळी मिळाली तर तुमची कसली काळजी मिटेल?’ आता खरं उत्तर येतं: आज पाणी सोडलं तर उद्या सातबाऱ्यावरून आपलं नाव जाईल, पोरांना गावात काही उरणार नाही. त्याला पाणी नको आहे, नोंद हवी आहे. थोरल्याला एकट्याला बोलावून ‘हिस्सा मान्य केलात तर पुढे काय होईल, अशी भीती वाटते?’ असं विचारलं की तिसरीच गोष्ट कळते. धाकटा आपला भाग कुणा गुंठेवारीवाल्याला विकेल आणि परका माणूस विहिरीवर येऊन बसेल, ही त्याची धास्ती. दाव्याच्या कागदांत यातला एकही मुद्दा नाही. पण हिश्श्याची नोंद, विकायचं झालं तर आधी भावाला विचारण्याची अट, धाकटा प्रत्यक्ष कसू लागेल तेव्हापासून पाळी आणि तेव्हापासूनच वीजबिलात वाटा, अशी तडजोड आता निदान मांडता येते. एकांतातल्या बैठकीनंतर एक प्रश्न मात्र विसरायचा नाही: ‘यातलं त्यांना काय सांगू आणि काय नको?’

मागणीच्या मागची गरज शोधणं ही या शास्त्रातली जुनी गोष्ट. 1978 च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी कॅम्प डेव्हिडला इजिप्त आणि इस्रायलच्या नेत्यांना 13 दिवस बसवलं, त्याचा दाखला वाटाघाटींच्या अभ्यासक्रमात हमखास येतो. 1967 च्या युद्धात इस्रायलने घेतलेला सिनाई इजिप्तला पूर्ण हवा होता आणि इस्रायलला त्याचा काही भाग ठेवायचा होता. नकाशावर कुठेही रेघ मारा, एकाला ती अमान्य. इस्रायलला हवी होती सीमेलगत रणगाडे नसण्याची हमी आणि इजिप्तला स्वतःच्या भूमीवर स्वतःचा झेंडा. सिनाई परत गेला आणि तिथल्या सैन्यावर मर्यादा आल्या. अभ्यासक्रमात ही कथा जितकी गोड सांगितली जाते तितकी ती नाही. पॅलेस्टाइनचा प्रश्न त्याच करारात भिजत पडला, तो आजही तसाच आहे. पण सिनाईपुरती मात्र ती टिकली.

सगळी कौशल्यं बैठकीतच लागतात असंही नाही. ब्रिटनमधल्या संशोधक एलिझाबेथ स्टोको यांनी शेजाऱ्यांच्या भांडणांसाठीच्या मध्यस्थी केंद्रांवर येणारे फोन ध्वनिमुद्रित करून वाक्यावाक्याने अभ्यासले. ‘आम्ही कुणाची बाजू घेत नाही’ असं तत्त्व ऐकवलं की फोन करणाऱ्यांचा उत्साह ओसरायचा. त्यांना बाजू घेणारंच कुणी हवं असायचं. त्याऐवजी आधी काय, मग काय, हे सरळ सांगितलं की लोक टिकायचे. आणि ‘तुम्हाला आवडेल का?’ याला नकार देणारी माणसं ‘तुमची तयारी आहे का?’ याला मात्र हो म्हणायची. पलीकडचाच आडमुठा आहे, असं सांगणाऱ्याला आपली स्वतःची तयारी नाही, असं कसं म्हणता येणार!

तयारी विचारणं आणि तयारी गृहीत धरणं यातलं अंतर मात्र आपल्याकडे एका ‘ना’मध्ये बुडून जातं. ‘मिटवायचंय ना?’ ‘नांदायला जायचंय ना?’ दुसरा प्रश्न सासू, नवरा आणि दोन्हीकडचे वकील समोर असताना बाईला विचारला जातो, तेव्हा त्याला प्रश्न म्हणणंच चूक. तो वाकवलेला हुकूम असतो. छळाच्या फिर्यादीतही समेटाची शक्यता दिसली तर मध्यस्थी करून पाहता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये के. श्रीनिवास राव प्रकरणात म्हटलं आणि तेव्हापासून अशी प्रकरणं या खोलीत येत राहिली आहेत. तिथे पहिली बैठक एकत्र घेणं हाच मुळात गुन्हा मानला पाहिजे. बाईला एकटीला, दार लावून विचारायचं: घरी कशाची भीती वाटते? परत गेलात आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला कराल? फोन तुमच्या हातात असतो का? या उत्तरांनंतर मध्यस्थी थांबवावी लागली, तर ती अपयशी ठरली असं कोणी समजू नये. चतुर प्रश्नांनी माणसाचं मन उलगडतं, तसंच ते गुंडाळताही येतं. गोड बोलून सही मिळवणारे प्रश्नसुद्धा ‘कौशल्य’ याच नावाखाली शिकवले जातात, हे विसरून चालणार नाही.

आकड्यांचा सोस हा यातला दुसरा खड्डा. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावात मिटावेत ही कल्पना चांगली होती आणि बांधावरच्या कित्येक मारामाऱ्या समित्यांनी पोलीस ठाण्याच्या अलीकडेच अडवल्या. पण गावाचा पुरस्कार मिटलेल्या तंट्यांकडे पाहून मिळू लागला की समितीच्या अध्यक्षाचा पहिला प्रश्न ‘झालं काय?’ हा राहत नाही, ‘सही करता ना?’ हा होतो. लोकअदालतीच्या संध्याकाळी निकाली प्रकरणांचे आकडे छापणाऱ्या बातम्यांनीही तीच सवय लावली आहे.

नव्या कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे: परिसरातली शांतता बिघडवू शकणारा वाद, तीन मध्यस्थांचं मंडळ आणि दोन्ही बाजूंची आधी संमती. तिथे झालेला समझोता दिवाणी न्यायालयाच्या हुकुमासारखा बजावता येत नाही, म्हणजे दमात घेऊन घेतलेली सही तिथे दुसऱ्या दिवशीच फुकट. राज्य सरकारची 2023 ची सलोखा योजनाही अशीच लोकांच्या मर्जीवर उभी आहे. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं 12 वर्षं चाललेलं असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क 1000 रुपये आणि नोंदणी शुल्क 1000 रुपये. सवलत चोख आहे. पण दोन्ही घरांना एका ओसरीवर बसवून ‘आज कुठला तुकडा कोण कसतंय?’ इथून सुरुवात करणारं माणूस तलाठी कार्यालयात नेमलेलं नसतं.

मंडळांच्या याद्या निघतील तेव्हा गावोगावची वजनदार नावं आपोआप वर येतील. त्यांना एक चाळणी लावावी. प्रशिक्षण मराठीत आणि नमुना बैठकांचं असावं: दोन जणांनी भाऊ व्हायचं, एकाने मध्यस्थ, आणि कोपऱ्यात बसलेल्या चौथ्याने वहीत नोंद ठेवायची की अर्ध्या तासात मध्यस्थाने सल्ले किती दिले, ‘ना’ किती वेळा लावला आणि उत्तर संपायच्या आत किती वेळा तोंड घातलं. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, बचत गट चालवणाऱ्या बाया या परीक्षेत माजी सरपंचांना सहज मागे टाकतील, अशी दाट शक्यता आहे. ऐकून घेणं हे त्यांचं रोजचंच काम. निवृत्त न्यायाधीशांनीही या वहीसमोर बसावं. 40 तासांच्या प्रमाणपत्रावर शिक्का मारण्याआधी ती वही कोणी तरी उघडून पाहावी.