कारागिरांचे चित्रित ज्ञान लोकांच्या स्वाधीन करा

मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुढच्याच वर्षी, जून २०२५ मध्ये, प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील आपल्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेचा घाट उचललेली पादत्राणे मांडली. मूळ कारागिरीचा उल्लेख प्रारंभी केला नव्हता. गदारोळ उठल्यावर तो करण्यात आला. कोल्हापुरी चपलेच्या मानांकनात कोल्हापूर व सोलापूर यांच्याबरोबर सांगली आणि सातारा हे जिल्हेही येतात, तसेच सीमेपलीकडील कर्नाटकाचे चार जिल्हेही येतात. म्हणजे हा प्रश्न आपल्या दाराशी आलेला आहे. कारागिराच्या ज्ञानाचा पुरावा कोठे आहे आणि तो कोणाच्या ताब्यात आहे, असा तो प्रश्न आहे.

या पुराव्याचा एक मोठा भाग सार्वजनिक पैशातून तयार झालेला आहे. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ सालची. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि ‘आमची माती, आमची माणसं’, ‘कामगार विश्व’, ‘ज्ञानदीप’ यांसारख्या कार्यक्रमांनी कष्टकरी माणसाला पडद्यावर आणले. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली आणि तिने मुलांसाठी हजारो कार्यक्रम निर्माण केले. या संस्थांच्या कॅमेऱ्यांनी माग, चाक, ऐरण आणि रापी यांवर चालणारे हात टिपले. त्या काळी दूरचित्रवाणी संच घरी ठेवण्यासाठी परवाना शुल्क भरावे लागे. ज्यांच्या घरी संच नव्हता त्यांनी अप्रत्यक्ष करांतून खर्च सोसला. असे असता, ज्यांनी पैसा दिला आणि ज्यांचे ज्ञान चित्रित झाले, त्या दोघांनाही आज हे चित्रण सहजासहजी पाहता येत नाही, ही स्थिती कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारी नाही.

फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. बालचित्रवाणी २०१७ साली बंद करण्यात आली. संस्था बंद करण्याचा आदेश एका कागदावर निघतो. पण तिच्या कपाटांतील टेपांचे काय, या प्रश्नाला त्या कागदावर जागा नसते. चुंबकीय टेप ही दगडी शिलालेखासारखी टिकाऊ वस्तू नव्हे. दमट हवेत तिचा थर सुटतो, बुरशी धरते. शिवाय ती वाजविणारी यंत्रेच नाहीशी होत आहेत. सोनी कंपनीने बेटाकॅम टेपांचे उत्पादन २०१६ मध्ये थांबविले. टेपा वाचविण्याची मुदत आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वर्षांची आहे, असा इशारा युनेस्को आणि ध्वनिचित्र अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी जगाला दिलेला आहे. आपल्याकडे तर टेप महाग आणि परदेशी म्हणून जुने पुसून त्यावर नवे ध्वनिचित्रमुद्रण करण्याची रीत होती. जे काटकसरीतून वाचले, ते आता अनास्थेतून जाऊ नये.

यावर ‘डिजिटायझेशन चालू आहे’ असे उत्तर मिळते. प्रसार भारतीने आपल्या संग्रहातील काही भाग महाजालावर आणला आहे आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. तथापि टेपेचे रूपांतर संगणकीय फायलीत करणे म्हणजे ती लोकांना उपलब्ध करणे नव्हे. सूची नसलेले ग्रंथालय हे गोदाम असते. ‘ग्रामीण कार्यक्रम, भाग अमुक’ एवढीच नोंद असेल, तर माणदेशातल्या घोंगडी विणणाऱ्याच्या नातवाला आपल्या आजोबांचे चित्रण कधीही सापडणार नाही. सूचीत गाव हवे, तालुका हवा, साल हवे, कारागिराचे नाव हवे. कोणत्या मिनिटाला कोणती क्रिया दिसते ते हवे. आणि हत्यारांची, मालाची, कृतीची नावे त्या कारागिराच्याच बोलीत हवीत. सतारीचा भोपळा, दांडी, तबली, घोडी, जवारी. घोंगडीची जावळाची लोकर आणि चिंचोक्याची खळ. चपलेची वेणी आणि कान, या शब्दांनी शोध घेता आला पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त बलुत्या-अलुत्यांचे जग शब्दांत नोंदविले. ते काम एका माणसाने लेखणीने केले. आज आपल्या हाती चित्र आहे, ध्वनी आहे आणि सरकारी यंत्रणा आहे.

कोणी विचारील की, जे धंदे बुडाले त्यांची चित्रे जपून काय साधणार? धनंजयराव गाडगीळांनी १९२४ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात देशी दरबारांचा अस्त, परकी सत्तेची स्थापना आणि यंत्रमालाची स्पर्धा ही हस्तव्यवसायांच्या ऱ्हासाची कारणे मांडली. ती खरीच आहेत. पण मिरजेचा इतिहास त्यात एक भर घालतो. तेथील सतारकार मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार आणि पाणी देणारे. तलवारीची मागणी सरली तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तेच हात वाद्यांकडे वळविले. संस्थानाचा आश्रय आणि गवयांचा वावर यांची साथ मिळाली, आणि एक नवा धंदा उभा राहिला. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर कौशल्य हे भांडवल आहे आणि ते एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर नेता येते. परंतु ते हातातून हातात जाते. मधली एक पिढी तुटली की संपते. चित्रण ही तुटलेली साखळी पूर्णपणे सांधू शकत नाही, पण तिची एक कडी निश्चित होऊ शकते.

अधिक गंभीर आक्षेप आपल्याच बाजूचा आहे. सर्व काही खुले केले तर त्याचा लाभ प्रथम भांडवलदारच उठवतील, कारागीर तसाच राहील, असे आपले काही मित्र म्हणतात. ही भीती निराधार नाही. पण कुलूप लावल्याने भांडवलदार अडत नाही. त्याच्याजवळ पैसा आहे, प्रवास आहे, वकील आहे. अडतो तो कारागीर. हळदीचे उदाहरण सांगलीकरांना तरी सांगायला नको. जखमेवर हळद लावण्याचे एकस्व अमेरिकेत १९९५ साली दिले गेले आणि १९९७ साली रद्द झाले. ते रद्द झाले याचे कारण घराघरांतील आजीबाईंचे ज्ञान नव्हे; ते ज्ञान आधीच लिखित, प्रसिद्ध आणि दिनांकित स्वरूपात होते व आपल्या शास्त्रज्ञांनी ते पुराव्यादाखल पुढे केले, हे होय. त्या धड्यातूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे राष्ट्रीय संगणकीय भांडार सुरू झाले. चपलेचा घाट किंवा जवारी काढण्याची रीत दाखविणारे, सालासकट नोंदलेले जुने चित्रण हे याच जातीचे साक्षीपत्र आहे. मात्र साक्षीदार न्यायालयात हजर होण्यासाठी त्याचा पत्ता माहीत असावा लागतो. सूची हा तो पत्ता आहे.

कायद्याची अडचण सांगितली जाते, तीही तपासून पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शासकीय कृतीचे व चित्रपटाचे हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतात. म्हणजे १९७२ चा कार्यक्रम २०३२ अखेर मुक्त होईल. तोवर टेप राहील की नाही, हीच शंका. पण हक्क धारण करणारी संस्था सार्वजनिकच असल्याने तिने आजच परवानगी दिली तर कोणाची आडकाठी आहे? प्रसार भारतीच्या १९९० च्या कायद्यात दूरचित्रवाणी सामग्रीचे संग्रह उभारून सांभाळणे हे तिचे काम सांगितलेले आहे. याच कॉपीराइट कायद्यातील दुसरी एक गोष्ट मात्र विचारात पाडते. प्रयोगकर्त्याच्या व्याख्येत नट, गायक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, सर्पगारुडी आणि व्याख्याताही नावानिशी आहेत. कॅमेऱ्यासमोर दिवसभर घडा घडविणाऱ्या कुंभाराचे वा कातडे कमावणाऱ्या ढोराचे नाव त्यांत नाही.

हा योगायोग नव्हे. ज्या समाजाने ज्ञानाचे पोथीतले आणि हातातले असे दोन वर्ण केले, त्याच समाजाच्या सवयीचे हे प्रतिबिंब आहे. ज्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी ही विभागणी उघडी पाडून दीड शतक होत आले. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कातडे कमावणे हे रसायनाचे ज्ञान आहे. पण ते करणाऱ्याला गावाने वेशीबाहेर ठेवले. म्हणून सूची करताना ‘लोप पावत चाललेली लोककला’ असे हळवे शीर्षक देऊन भागणार नाही. कारागिराचे नाव शोधावे, त्याच्या मजुरीचा आणि कामाच्या तासांचा उल्लेख चित्रणात असल्यास नोंदवावा. चपलेची वेणी गुंफणाऱ्या, लोकर कातणाऱ्या स्त्रियांचे श्रम स्वतंत्रपणे नोंदवावेत, कारण मोजणीतून प्रथम गळते ते त्यांचेच काम. आणि व्यापारी उपयोगासाठी चित्रण वापरणाऱ्याकडून शुल्क घेऊन ते कारागिरांच्या सहकारी संस्थांना द्यावे. पाहण्यास, शिकण्यास, शिकविण्यास मुक्त. नफ्यासाठी सशुल्क, हा साधा नियम पुरेसा आहे.

हे काम दिल्लीत किंवा मुंबईत बसून होणार नाही. बोलीतले शब्द तेथे कोणाला कळणार? सुदैवाने आपल्या भागात त्याची पूर्वपीठिका आहे. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून उभे केले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि आज तो विश्वकोश कोणालाही विनामूल्य वाचता येतो. शासनाच्या खर्चाने झालेले ज्ञान लोकांना खुले करता येते, याचे हे घरचेच उदाहरण. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ ही योजना याच मातीत रुजविली. त्या योजनेतील विद्यार्थ्यांना मोबदला देऊन सूचीचे काम द्यावे, आणि चित्रण पाहून नावे सांगणाऱ्या वृद्ध कारागिरांनाही तज्ज्ञ म्हणून मानधन द्यावे. खर्चाचे रडगाणे नको. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने १३,००० कोटी रुपयांची विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या अठरा व्यवसायांच्या यादीत सतारकार नाही, घोंगडी विणणाराही नाही. त्या रकमेच्या अत्यल्प अंशात पश्चिम महाराष्ट्राच्या चित्रणाची सूची पुरी होईल. शिवाय हा खर्च एकदाच करावयाचा आहे. त्यानंतर एकाने पाहिले काय आणि लाखांनी पाहिले काय, खर्चात म्हणण्यासारखी वाढ नाही. सार्वजनिक संपत्तीचे याहून स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणे कठीण.

आमची मागणी मोजकी आहे. दूरदर्शन, पूर्वीची फिल्म्स डिव्हिजन आणि बंद झालेली बालचित्रवाणी यांच्याकडील हस्तव्यवसायविषयक चित्रणाची, जशी असेल तशी, यादी प्रथम प्रसिद्ध करावी. अपुरी यादीही चालेल. ती पुरी करण्यास लोक मदत करतील. त्यानंतर जिल्हावार मराठी सूची करून चित्रण खुले करावे. आमच्या कार्यकर्त्यांनीही केवळ ठराव करून थांबू नये. मिरज, आटपाडी, म्हसवड, कराड येथील कारागिरांना भेटून, त्यांच्याकडे कॅमेरा कधी आला होता, कोणाचे चित्रण झाले होते, याच्या आठवणी आजच वहीत उतरवून घ्याव्यात. त्या आठवणी सांगणारी माणसे वृद्ध आहेत. शासनाच्या उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नाही.