पाळीचें अध्यक्षपद आणि संघाचा विस्तार

अधिकार एकाच्याच हातीं फार काळ राहूं नये, तो पाळीपाळीनें सर्वांकडे जावा, ही युक्ति जुनी आहे. यूरोपांतील २७ राष्ट्रांच्या संघानें ती आपल्या मंत्रिपरिषदेस लाविली आहे. दर सहा महिन्यांनीं अध्यक्षपद एका राष्ट्राकडून दुसऱ्याकडे जातें. चिमुकल्या माल्टास जितके दिवस मिळतात, तितकेच बलाढ्य जर्मनीस. संघांत नवीं राष्ट्रें घेण्याच्या कामीं ही रीत हितावह आहे काय, याचा थोडा विचार आम्हीं येथें योजिला आहे.

अध्यक्षास एकट्यानें निर्णय करतां येत नाहीं. नव्या राष्ट्रास प्रवेश द्यावयाचा तर सर्व सभासदांचें एकमत लागतें. परंतु कोणता विषय आधीं घ्यावा व कोणता मागें ठेवावा, हें ठरविण्यांत अध्यक्षाचा हात मोठा असतो. सन २००२ च्या उत्तरार्धांत डेन्मार्कची पाळी होती. त्या डिसेंबरांत कोपनहेगन येथें दहा राष्ट्रांशीं चाललेल्या वाटाघाटी तडीस गेल्या. पुढें ग्रीसची पाळी आली. बाल्कन राष्ट्रें त्याच्या शेजारचीं. जून २००३ मध्यें थेस्सलोनीकी येथें त्यांस, तुमचें भवितव्य संघांतच आहे, असें अभिवचन मिळालें. सन २०१८ त बल्गेरियानेंही हाच विषय अगत्यानें पुढें आणिला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. युक्रेनशीं वाटाघाटींस बेल्जमच्या पाळीच्या अखेरच्या आठवड्यांत, २५ जून २०२४ रोजीं, आरंभ झाला. १ जुलैस हंगेरीची पाळी लागली, आणि त्या सहामाहींत युक्रेनसाठीं वाटाघाटींचा एकही विभाग उघडला नाहीं. आल्बेनियासाठीं मात्र पहिला विभाग उघडला. ज्याच्या हातीं ससा तो पारधी, असें कोणी म्हटल्यास नवल नाहीं.

मग हें पद कायमचें एकाकडेच द्यावें काय? आम्हांस तें पटत नाहीं. तसें केल्यास लहान राष्ट्रांच्या शेजाऱ्यांची दाद बड्यांच्या दारीं कोण लावील? शिवाय खरा अडथळा अध्यक्षाच्या आसनांत नसून सभासदांच्या बांकांवर आहे. उत्तर मॅसिडोनियाचें उदाहरण पाहा. सन २००५ मध्यें तें राष्ट्र उमेदवार ठरलें. ग्रीसला त्याचें नांव खपेना, म्हणून सन २०१९ त त्यानें तें नांवही बदललें. तोंच सन २०२० त बल्गेरिया आडवा आला! ज्या दोघांनीं अध्यक्ष असतां बाल्कन राष्ट्रांचा कैवार घेतला, त्याच दोघांनीं एरव्हीं दार अडविलें. सन २००५ त जन्मलेलीं तेथील मुलें शाळा संपवून बाहेर पडलीं, तरी प्रवेश झाला नाहीं.

यावरून आम्हांस असें दिसतें, कीं पाळीचें आसन मनुष्यास सर्वांच्या हिताकडे पाहावयास लावूं शकतें. उणीव आहे ती आसन सोडल्यावर तीच दृष्टि राखण्याची. सन २००९ पासून लागोपाठच्या तीन राष्ट्रांनीं मिळून अठरा महिन्यांचा कार्यक्रम आंखण्याचा नियम झाला, तो चांगलाच आहे. परंतु एकानें दिलेला शब्द सर्वांनीं पाळला नाहीं, तर नियम काय करणार?

आमचे विद्यार्थीही पाळीनें वर्गनायक होतात. शुभवर्तमानांतील विश्वासू कारभाऱ्याचा दाखला त्यांस ठाऊक आहेच. आपली पाळी असतां न्यायानें वागणें हें अर्धें कर्तव्य होय. दुसऱ्याच्या पाळींतही तसेंच वागणें, हें उरलेलें अर्धें.