देवाची मालमत्ता आणि देवाचे कारभारी

देवळाच्या जमिनीचा हिशेब विचारणारा मनुष्य एक तर नास्तिक असला पाहिजे, किंवा त्याचा त्या जमिनीवर डोळा असला पाहिजे, अशी समजूत आमच्या समाजात चांगलीच रुजलेली आहे. तिचा प्रसाद आम्ही स्वतः घेतलेला आहे. नागपुरातील एका जुन्या देवळाच्या पंचांस, ह्या देवास भोसलेशाहीत लावून दिलेल्या शेताचे आज काय होते, असा साधा प्रश्न आम्ही एकदा केला. उत्तर मिळाले ते असे : "प्रोफेसरसाहेब, दर्शनास आलात, दर्शन घ्या. देवाचा हिशेब देव पाहतो." आम्ही दर्शन घेऊन परतलो, परंतु तो प्रश्न देवळाच्या पायरीवर राहीना, तो आमच्याबरोबर घरी आला.

देव हिशेब पाहत नाही, ही गोष्ट कायद्याने केव्हाच मान्य केलेली आहे. हिंदू देवता ही स्वतःच्या नावे मालमत्ता धारण करणारी, दावा लावणारी व्यक्ती आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली मल्लिक घराण्याच्या खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. मात्र ही व्यक्ती अज्ञान बालकासारखी. तिच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी व्यवहार पाहावयाचा. आणि अज्ञान बालकाच्या पालकाने हिशेब दाखविण्यास नकार दिला, तर आपण त्यास धर्मनिष्ठ म्हणत नाही. नाशिकच्या बालाजी संस्थानाच्या खटल्यात हे देवस्थान आमची खाजगी मिळकत आहे असे गोसावी घराण्याचे म्हणणे होते. ते सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली अमान्य करून संस्थान सार्वजनिक ठरविले. पुढे २०२१ च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातील पुजाऱ्यांच्या प्रकरणी त्याच न्यायालयाने सांगितले, की जमिनीची मालक देवता. पुजारी केवळ तिच्या वतीने व्यवस्था पाहणारा, म्हणून महसुली कागदांत वहिवाटदार म्हणूनही त्याचे नाव नोंदण्याचे कारण नाही. इतके सर्व ठरून गेल्यावरही गावोगाव प्रश्न शिल्लक आहे तो एवढाच, की ह्या मालकाची मालमत्ता आहे तरी किती?

इंग्लंडातील खेड्यापाड्यांच्या जुन्या चर्चांचे इतिहास वाचण्याचा नाद आम्हांस विद्यार्थिदशेपासून आहे. तेथील धर्मव्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा हेतू नाही. शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा दहावा भाग, धान्य, गवत, लोकर, कोकरे, जे पिकेल वा उपजेल त्यातील, चर्चसाठी सक्तीने घेतला जात असे. तो नाकारणाऱ्या क्वेकर पंथीयांची भांडीकुंडी जप्त झाली, कित्येक तुरुंगात गेले. १८३६ साली ह्या दशमांशाचे रोख रकमेत रूपांतर झाले, तरी १९३० नंतरच्या मंदीत शेतकऱ्यांच्या गुराढोरांवर जप्ती आलीच. १९३६ च्या कायद्याने तो कर रद्द झाला आणि त्याच्या बदली बसविलेली वार्षिक देणीही १९७७ साली संपली. ह्यातले काहीही आम्हांस अनुकरणीय वाटत नाही. आमच्याकडे खळ्यावर गुरवाचे बलुते निघे, तेही दर वेळी हसतमुखाने निघे असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही.

अनुकरणीय आहे ती एक यादी. इंग्लंडच्या चर्चने १६०४ साली जे नियम केले त्यांत असा एक नियम आहे, की प्रत्येक चर्चच्या मालकीची शेते, बागा, घरे, अवजारे, गुरे आणि दशमांशाचे हक्क ह्यांची यादी गावातील प्रामाणिक माणसांनी प्रत्यक्ष पाहून तयार करावी, त्या माणसांत पाद्रीही एक असावा, आणि ती बिशपच्या दफ्तरात कायमची ठेवावी. पाद्री एक असावा, एकटा नव्हे! बांध कोठून कोठे जातो, पलीकडे शेत कोणाचे, आवारात झाडे किती, अशा बारकाव्यांनी भरलेल्या ह्या याद्या शेकडो वर्षांनंतरही तेथील दफ्तरखान्यांतून वाचावयास मिळतात. त्या देशात जुन्या कागदांना केवढा दम असतो पाहा : वॉर्विकशायरमधील एका गावी शेतीची मालकी असलेल्या दांपत्यावर, त्या जमिनीस चिकटलेल्या शतकांपूर्वीच्या बोजामुळे, चर्चच्या गाभाऱ्याच्या दुरुस्तीचा खर्च पडला, आणि तो योग्यच आहे असे हाउस ऑफ लॉर्ड्सने २००३ साली ठरविले. त्या बिचाऱ्यांची आम्हांस कीवच येते. परंतु तेथे जमीन चर्चचे देणे विसरत नाही. आमच्या येथे देवळाचे विश्वस्तच देवाच्या जमिनीस विसरतात.

कोणी म्हणेल, हा साहेबी थाट आम्हांस कशाला? त्यास आमचे उत्तर असे, की सनदा, जाबते, वहिवाटीच्या कैफियती आणि गावच्या पांढरीसमक्ष झालेले महजर ही काही विलायतेहून आलेली सामग्री नव्हे. १८५२ च्या इनाम कमिशनने ज्यांची छाननी केली ते कागद आपल्याच कारकुनांच्या हातचे होते. देवास दिवाबत्तीसाठी, नैवेद्यासाठी, उत्सवासाठी किती द्यावयाचे हे लिहून ठेवण्याची शिस्त आपल्याकडे होती. ती आपण सोडली.

आणि ह्या विस्मरणाची किंमत कोणी दिली, इकडे वाचकांचे लक्ष वेधणे हाच ह्या लेखाचा खरा हेतू आहे. आमच्या विदर्भासाठी १९५८ साली जो कूळकायदा झाला, त्याप्रमाणे १ एप्रिल १९६१ रोजी कसणारे कूळ जमिनीचे मालक व्हावयाचे होते. त्यातून सार्वजनिक देवस्थानांच्या जमिनी वगळल्या. अट अशी, की जमिनीचे संपूर्ण उत्पन्न देवस्थानाच्याच कामी लागले पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रातही व्यक्तिगत इनामे १९५२ च्या कायद्याने गेली, देवस्थान इनामे राखली गेली. म्हणजे शेजारच्या बांधावरील कूळ मालक झाले आणि देवाच्या शेतात तितकीच वर्षे घाम गाळणारे कूळ कूळच राहिले. ते कोणासाठी? देवासाठी! मग त्या शेताचे उत्पन्न देवाच्या समईत न पडता कोणाच्या घरखर्चात पडत असेल, तर त्यात देवाची चोरी आहेच. परंतु तिच्याआधी त्या कुळाची फसवणूक आहे, आणि देव सोसतो तितके सोसण्याचे बळ कुळापाशी नसते.

यादी तर धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत आहेच, असा आक्षेप वकील मंडळी घेतील. आहे, हे खरे. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याप्रमाणे नोंदणीच्या अर्जात स्थावरजंगमाचा तपशील द्यावा लागतो, फेरबदल ९० दिवसांत कळवावा लागतो, आणि आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून जमीन विकता येत नाही किंवा शेतजमीन १० वर्षांहून अधिक मुदतीने पट्ट्याने देता येत नाही. कायदा उत्तम आहे. परंतु तो तपशील भरतो कोण? ज्याच्यावर नजर ठेवावयाची तोच! आणि तो कागद राहतो जिल्ह्याच्या ठिकाणी, जेथे गावचा माणूस आपल्या स्वतःच्या कामासाठीही नाइलाजानेच जातो.

दुसरा आक्षेप भीतीचा : सर्व उघड केले की सरकार देऊळ ताब्यात घेईल. पंढरपूरचा इतिहास ह्याच्या नेमका उलट साक्ष देतो. बडव्यांत रोजच्या उत्पन्नाचा लिलाव होई आणि वारकऱ्याने वाहिलेला पैसा कोठे जातो हे वारकऱ्यास विचारता येत नसे. म्हणून १९६८ साली नाडकर्णी आयोग नेमला गेला, म्हणून १९७३ चा कायदा आला, आणि त्यावरील न्यायालयीन झुंज थेट २०१४ पर्यंत चालली. झाकून ठेवल्यामुळे सरकार आले. उघडे ठेवल्यामुळे नव्हे. दागिन्यांची यादी भिंतीवर लावल्यास चोरांची सोय होईल, ही शंका मात्र आम्ही मान्य करतो. दागिने वर्षातून एकदा चारचौघांसमोर वजन करून मोजावेत. त्यांची पाटी नको. शेत काही कोणी रात्रीतून पाठीवर टाकून नेत नाही. त्याची पाटी सभामंडपात दगडावर कोरून लावावी : मौजा, खसरा क्रमांक, क्षेत्र, कसणाऱ्याचे नाव, गेल्या वर्षीचा खंड आणि तो कोणत्या कामी लागला.

त्या नागपुरी देवळाच्या पंचांस आम्ही येत्या रामनवमीस पुन्हा भेटणार आहोत. सातबाराचा उतारा आमच्या खर्चाने आम्हीच काढून नेऊ. मौजा कोणता आणि खसरा क्रमांक काय, एवढे त्यांनी सांगावे.