भट्टीवाल्यांचा दाखला

इमारतीतली प्रत्येक पोलादी तुळई अग्निरोधक लेपाने मढवलीच पाहिजे. उघडी तुळई चाचणीच्या भट्टीत अर्ध्या तासाच्या आत मान टाकते आणि भट्टी खोटं बोलत नाही, असं एका विद्वानांनी पुन्हा बजावलं आहे. यापलीकडचा सगळा विचार त्यांच्या लेखी बेजबाबदारपणा.

भट्टी खोटं बोलत नाहीच. तिला जेवढं विचारावं तेवढंच ती सांगते. चार-साडेचार मीटरची एक सुटी तुळई दोन टोकांवर टेकवायची, डोक्यावर असलाच तर स्लॅबचा तुकडा, आणि ठरलेल्या आलेखाबरहुकूम तासाभरात भट्टी 945 अंशांवर न्यायची. अशी पोरकी तुळई महाशयांनी कोणत्या इमारतीत पाहिली?

1990 मध्ये लंडनच्या ब्रॉडगेटमध्ये बांधकाम चालू असलेली चौदा मजली इमारत पेटली. लेपाचं काम अर्धवट होतं, आग चार तासांहून जास्त चालली. तुळया वाकल्या, इमारत उभी राहिली. महाशय म्हणतील, नशीब! म्हणून तर इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनच्या हवाई जहाजांच्या जुन्या हँगरमध्ये आठ मजली पोलादी इमारत उभारून 1995-96 मध्ये तिला मुद्दाम आगी लावल्या गेल्या. काही उघड्या तुळया 1,000 अंशांपलीकडे तापल्या. तिथे पोलादाची ताकद उरते जेमतेम चार टक्के. कागदावर मजला कोसळलाच होता. प्रत्यक्षात तो कुठे कुठे अर्ध्या मीटरहून जास्त झुकला आणि तसाच थांबला. भार पेलला 130 मिलिमीटरच्या स्लॅबने आणि त्यातल्या 6 मिलिमीटर तारेच्या जाळीने: मध्ये झोळीसारखी ताणलेली जाळी, भोवती दाबात आलेलं काँक्रीटचं कडं. भट्टीत ही झोळी बांधायची कुठे?

 

थंड होताना जोड तुटतात, हा महाशयांचा दुसरा मुद्दा. बरोबर, पण तोही कार्डिंग्टनमध्येच दिसला, आणि तरीही मजला कोसळला नाही.

मग करायचं काय? खांबांना पूर्ण उंचीभर लेप द्यावा. कार्डिंग्टनमध्ये माथ्याशी उघडे ठेवलेले खांब चेपले होते. स्लॅबच्या कडेच्या तुळयाही मढवाव्यात. मधल्या दुय्यम तुळया, हिशेब करून, उघड्या ठेवता येतात. आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी जाळीच्या जोडांवर पुरेसा लॅप, म्हणजे एका तुकड्यावर दुसऱ्याचा चढ, आहे का, हे कुणीतरी वाकून पाहावं.