संगणकांतील दप्तराची दुसरी प्रत

पूर्वीच्या एकत्र कुटुंबांत एक दप्तर असे. रुमालांत बांधलेल्या त्या दप्तरांत जमिनीचे कागद, वाटणीपत्रें, जन्मपत्रिका, देण्याघेण्याचे हिशेब आणि एखाद्या आजोबांनीं स्वहस्तें उतरून काढलेली पोथी हीं सर्व एकत्र नांदत. दप्तर कोठें आहे आणि त्याची किल्ली कोणाच्या कनवटीस आहे, हें घरांतील लहानथोरांस ठाऊक असे. आज तें दप्तर संगणकांत गेलें आहे. घराच्या दस्तऐवजांच्या स्कॅन केलेल्या प्रती, प्राप्तिकराचे कागद, सूनबाईंचा अर्धा झालेला प्रबंध, आजींनीं सांगितलेल्या व नातीनें टंकलिखित केलेल्या आठवणी, मंगलकार्यांचीं छायाचित्रें, हें सर्व एका डिस्कवर असतें. फरक इतकाच कीं, वाळवी लागलेल्या पोथीचीं कांहीं पानें तरी वाचतां येतात. डिस्क बिघडली म्हणजे पुष्कळदां सर्वच एकदम जातें, आणि जाण्यापूर्वीं ती सूचना देईलच असा नेम नाहीं.

दुसरी प्रत असावी हें सर्वांस पटतें. परंतु ती करण्याचें काम ‘पुढच्या रविवारीं’ या सदरांत पडून राहतें. आमचें आजचें म्हणणें दोन वाक्यांत सांगतां येईल. हें काम स्मरणावर न सोंपवितां त्यासाठीं एक लहानशी स्क्रिप्ट लिहावी. आणि त्या प्रतींतून कागद परत आणून पाहिले नाहींत, तोंवर प्रत आहे असें मानूं नये.

प्रथम हानि कोणत्या वाटांनीं होते तें पाहूं. डिस्क झिजून किंवा अकस्मात् बंद पडते, ही पहिली वाट. आपल्याच हातून फाइल पुसली जाते अथवा चुकीच्या मजकुरासह जतन होते, ही दुसरी. आणि घरोघर हीच अधिक घडते. चोरी, आग व पूर ही तिसरी. चौथी वाट नवी आहे. संगणकांत शिरून सर्व फाइलींस कुलूप घालावें आणि किल्लीसाठीं खंडणी मागावी, असे प्रोग्राम दुष्ट लोकांनीं निर्माण केले आहेत. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ नामक अशा प्रोग्रामनें सुमारें १५० देशांतील दोन लाखांच्या वर संगणकांस ग्रासलें. आतां, त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरांत ठेविलेली प्रत या चारांपैकीं केवळ दुसऱ्या वाटेवर उपयोगी पडते. संगणकास अष्टौप्रहर जोडून ठेविलेली दुसरी डिस्क पहिल्या दोन वाटा अडविते, परंतु चोर आणि खंडणीखोर तिलाहि सोडीत नाहींत. म्हणून प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि काम होतांच ती डिस्क काढून ठेवावी, हा पहिला नियम.

स्क्रिप्ट म्हणजे काय, याविषयीं उगाच भीति नसावी. प्रयोगाच्या पोथींत आचमनापासून विसर्जनापर्यंत क्रम लिहिलेला असतो. त्याप्रमाणें संगणकानें एकामागून एक पाळावयाच्या आज्ञांची ती यादी होय. विंडोज संगणकावर ती नोटपॅडमध्यें लिहितां येते व ‘बॅट’ हें उपनाम देऊन ठेविली म्हणजे चालते. प्रत करणारी ‘रोबोकॉपी’ नांवाची आज्ञा व्हिस्टाच्या काळापासून, म्हणजे २००७ पासून, विंडोजमध्यें मुळांतच असते. आज्ञेचें नांव, मूळ फोल्डरचा पत्ता आणि प्रत जेथें जावयाची तो पत्ता, एवढें लिहिलें कीं वाक्य पुरें झालें. पुढें तिरकी रेघ काढून ‘ई’ हें इंग्रजी अक्षर घातल्यास पोटांतील सर्व फोल्डरांसह प्रत होते. दुसऱ्या खेपेस ही आज्ञा न बदललेल्या फाइली वगळते, त्यामुळें पहिल्या दिवशीं दोन तास लागले तरी पुढें थोड्या वेळांत काम उरकतें. लिनक्स वापरणाऱ्यांकरितां अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनीं १९९६ मध्यें प्रसिद्ध केलेली ‘आरसिंक’ ही आज्ञा आहे; तिची रीतिहि याच धर्तीची.

एका संगणकावर चौघांचीं खातीं असतात, आणि प्रत्येकाच्या नांवाच्या फोल्डरांत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व पिक्चर्स असे विभाग असतात. स्क्रिप्टमध्यें घरांतील नांवांची यादी द्यावी आणि प्रत्येक नांवासाठीं तीच आज्ञा फिरवावी. संगणकावरील प्रोग्रामांची प्रत करीत बसण्याचें कारण नाहीं. ते पुन्हां मिळतात. आजींच्या आठवणी पुन्हां मिळत नाहींत.

या साध्या आज्ञेंतहि कांहीं खांचा आहेत. एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रामानें अडवून धरली असेल तर रोबोकॉपी पुन्हां पुन्हां प्रयत्न करिते. ती किती वेळ थांबते? मुळांतील नियम दहा लाख प्रयत्नांचा, आणि दोन प्रयत्नांमध्यें ३० सेकंद थांबण्याचा आहे. हिशेब केला तर एका फाइलीपायीं ३४७ दिवस होतात! म्हणून ‘आर’ व ‘डब्ल्यू’ या पर्यायांनीं दोन प्रयत्न व पांच सेकंद अशी मर्यादा घालून द्यावी. दुसरी खांच देवनागरीची. फोल्डरास ‘घराचे कागद’ असें मराठी नांव असेल आणि तें स्क्रिप्टमध्यें लिहिलें, तर संगणक तें भलतेंच वाचण्याचा संभव असतो. स्क्रिप्टच्या आरंभीं ‘सीएचसीपी’ या आज्ञेनें वर्णसंकेत ६५००१ करून घ्यावा, अथवा स्क्रिप्टमध्यें येणाऱ्या वरच्या फोल्डरांचीं नांवें रोमन लिपींत ठेवावींत. आंतील फाइलींचीं मराठी नांवें सुखरूप जातात. तिसरी खांच ही कीं, बाहेरची डिस्क जोडलेली नसली, किंवा तिला आज निराळें अक्षर मिळालें, तर स्क्रिप्ट भलत्या जागीं लिहील. त्या डिस्कवर खुणेची एक लहान फाइल ठेवावी, आणि ती दिसली तरच पुढें जावें, न दिसल्यास तसें सांगून थांबावें, अशी अट पहिल्या ओळींत घालावी.

याहून महत्त्वाचा प्रश्न जुन्या आवृत्तीचा आहे. समजा, सोमवारीं हिशेबाची वही कोणाच्या हातून बिघडली आणि मंगळवारीं स्क्रिप्ट चालली. स्क्रिप्टला बरेंवाईट कळत नाहीं. ती चांगल्या प्रतीवर बिघडलेली प्रत मोठ्या तत्परतेनें बसविते. म्हणून वारांच्या नांवांचे सात फोल्डर करावे व त्या त्या वारीं त्या त्या फोल्डरांत प्रत टाकावी. म्हणजे चूक ध्यानांत येण्यास आठवड्याचा अवधि मिळतो. शिवाय दर महिन्याची एक प्रत तारखेच्या नांवानें निराळी ठेवावी. लिखित कागद वजनानें हलके असल्यामुळें एवढ्या प्रती सहज मावतात. छायाचित्रें जड खरीं, पण तीं सहसा बदलत नाहींत, केवळ वाढतात; त्यांची एकच प्रत ठेवावी आणि तेथें आधींच असलेल्या फाइलीस हात न लावतां नव्या तेवढ्या घ्याव्या, अशी आज्ञा द्यावी. इंटरनेटवरील ज्या सोयी संगणक व दूरचें कोठार सदैव एकरूप ठेवितात, त्यांसहि हाच विचार लागू आहे. येथें पुसलें कीं तेथेंहि पुसलें जातें. मग कांहीं दिवसांची मुदत असते, ती टळली कीं संपलें.

रोबोकॉपीस ‘एमआयआर’ असा एक पर्याय आहे. मूळ फोल्डरांत जें नाहीं तें प्रतींतूनहि काढून टाकावें, असा त्याचा अर्थ. पत्ता लिहितांना एक शब्द चुकला तर हा पर्याय भरलेली डिस्क रिकामी करूं शकतो. आमच्या मतें घरगुती स्क्रिप्टमध्यें पुसण्याची कोणतीहि आज्ञा नसावी. जागा कमी पडल्यास मनुष्यानें डोळ्यांनीं पाहून पुसावें. ही भीति पोकळ नव्हे. १४ ते १६ डिसेंबर २०२१ या तीन दिवसांत जपानांतील क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरील सुमारें ७७ टेराबाइट माहिती, म्हणजे ३ कोटी ४० लाखांच्या आसपास फाइली, नाहींशा झाल्या. आणि त्या नाहींशा करणारी प्रत घेण्याच्या व्यवस्थेंतीलच एक स्क्रिप्ट होती. तिला काम दिलें होतें दहा दिवसांहून जुन्या नोंदी पुसण्याचें. ती चालत असतांनाच तिच्या जागीं सुधारलेली स्क्रिप्ट ठेवण्यांत आली. अर्धी जुनी व अर्धी नवी अशी वाचली गेल्यामुळें कोणत्या फोल्डरांत पुसावयाचें तें ठिकाण कोरें राहिलें, आणि नोंदींऐवजीं संशोधकांच्या फाइली पुसल्या गेल्या. १४ गटांस झळ पोंचली, त्यांपैकीं चार गटांचें गेलेलें परत मिळालें नाहीं. ज्यांचा व्यवसायच हा, त्यांच्या हातून जर असें घडतें, तर आपण अधिकच सावध असावें. कोणतीहि नवी आज्ञा प्रथम ‘एल’ या पर्यायासह चालवावी. त्या वेळीं संगणक प्रत्यक्ष कांहीं न करितां काय करील याची केवळ यादी देतो. ती यादी वाचावी आणि मगच ‘एल’ काढावा.

आतां एक नाजूक गोष्ट. सर्वांच्या फाइली वाचण्याचा अधिकार स्क्रिप्टला द्यावा लागतो, आणि ती डिस्क ज्याच्या हातीं त्याच्या हातीं घरांतील प्रत्येकाचीं पत्रें येतात. एकत्र कुटुंबांत पैसा सामायिक असेल, स्वयंपाकघर सामायिक असेल. पण मन सामायिक नसतें. सुनेनें माहेरीं लिहिलेलें पत्र किंवा तरुण मुलाची दैनंदिनी वडील मनुष्याच्या दृष्टीस पडण्याचें कारण नाहीं. म्हणून स्क्रिप्ट सुरू करण्यापूर्वीं प्रत्येकास विचारावें कीं, तुमचा कोणता फोल्डर घ्यावा व कोणता वगळावा. डिस्कला सांकेतिक कुलूप घालावें. त्याचा परवलीचा शब्द मात्र एकाच्याच डोक्यांत नसावा. तो बंद पाकिटांत घालून घराच्या खऱ्या दस्तऐवजांजवळ ठेवावा, कारण ज्यास तो ठाऊक असतो तोच नेमका परदेशीं असतो. त्याच पाकिटांत स्क्रिप्टची छापील प्रत व प्रत्येक ओळीचा मराठींत अर्थ घालावा. जी स्क्रिप्ट घरांतील दुसऱ्या मनुष्यास उलगडत नाहीं, ती कितीहि चतुर असो, घराच्या उपयोगाची नव्हे.

पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकारानें प्रचारांत आणलेला एक नियम लक्षांत ठेवण्यास सोपा आहे. प्रती तीन, साधनें दोन, आणि त्यांतील एक प्रत घराबाहेर. यांतील शेवटची गोष्ट आपण टाळतों. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां पुण्यांत नदीकाठच्या वाड्यांत पाणी शिरलें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगली व कोल्हापूर पाण्याखालीं गेलीं. अशा प्रसंगीं संगणक आणि त्याच कपाटांतील डिस्क यांची गति एकच होते. दोन डिस्का असाव्या. एक घरीं, दुसरी परगांवच्या बहिणीकडे किंवा भावाकडे, आणि सणावारीं जाणेंयेणें होईल तेव्हां त्यांची अदलाबदल करावी.

सर्व केलें, तरी मुख्य काम उरतेंच. गिटलॅब ही कंपनी हजारों प्रोग्रामकारांचें काम सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ रोजीं तिच्या एका कर्मचाऱ्यानें भलत्या यंत्रावर पुसण्याची आज्ञा दिली. प्रत राखण्याचे पांच उपाय योजलेले होते. प्रसंग येतांच पांचांपैकीं एकहि भरंवशाचा निघाला नाहीं. त्याच दिवशीं सुमारें सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कारणासाठीं एक प्रत घेतली गेली होती, तिनें तारलें. पांच उपायांवर सर्वांचा विश्वास होता. परीक्षा मात्र कोणी घेतली नव्हती.

आपल्या वैदिकांनीं हें मर्म फार पूर्वीं ओळखलें होतें. संहितेच्या जोडीस पद, क्रम, जटा, घन असे पाठ त्यांनीं बसविले, ते एकाची चूक दुसऱ्यांत उघडी पडावी म्हणून. आणि एवढ्यावरहि ते थांबले नाहींत; शिष्यानें गुरूसमोर बसून म्हणून दाखविल्याखेरीज पाठांतर झालें असें कोणी मानीत नसे. डिस्कलाहि म्हणावयास लावावें. स्क्रिप्ट ‘काम झालें’ असें सांगते, तो शिष्याचा स्वतःविषयींचा अभिप्राय होय, परीक्षा नव्हे.

ती परीक्षा अशी घ्यावी. महिन्यांतील एक ठराविक दिवस नेमावा. संकष्टी असो कीं पौर्णिमा, स्मरणांत राहील तो. त्या दिवशीं डिस्क शक्यतों दुसऱ्या संगणकास जोडावी. घरांतील प्रत्येकानें आपली एक फाइल सांगावी: एकानें गेल्या आठवड्यांतील, एकानें गेल्या वर्षींची, एकानें चुकून पुसलेली. त्या परत आणाव्या, उघडाव्या, शेवटचें पान पाहावें, छायाचित्र पुरें उमटतें का पाहावें. पाकिटांतील कागद वाचून हें काम करण्याची पाळी दर महिन्यास निराळ्या मनुष्याची असावी. ज्या महिन्यांत एखादी फाइल मिळणार नाहीं, त्या महिन्यांत ती मूळ जागीं अद्यापि सुरक्षित असते व स्क्रिप्ट दुरुस्त करण्यास वेळ असतो. परीक्षेचा सारा लाभ यांत आहे.

मोबाईलमध्यें सांठलेल्या छायाचित्रांची व्यवस्था हा स्वतंत्र विषय आहे. त्याविषयीं पुढील अंकीं लिहूं.