मोफत सॉफ्टवेअरमधील पेटंटची मेख

बडी कंपनी आपल्या प्रयोगशाळेतील सॉफ्टवेअर सोर्स कोडसह मोफत खुले करते, तेव्हा त्याचे स्वागत जोरात होते. सोबतची परवान्याची फाइल मात्र फारसे कोणी उघडत नाही. ती उघडणे किती आवश्यक आहे, हे २०१७ मध्ये फेसबुकच्या प्रकरणाने दाखवून दिले.

वेबपाने घडविण्याचे ‘रिअॅक्ट’ आणि फेसबुकच्या कृत्रिम बुद्धिमत्ता संशोधन विभागाने २०१६ मध्ये खुले केलेले ‘फास्टटेक्स्ट’ यांना वरकरणी बीएसडी हा उदार परवाना होता. मेख होती ‘पेटंट्स’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये. वापरकर्त्या कंपनीने आपण होऊन फेसबुकवर पेटंटचा दावा लावला, मग तो अगदी कॅमेऱ्याच्या भिंगाविषयी का असेना, की तिला मिळालेली पेटंटची परवानगी आपोआप रद्द. अपाची परवान्यातही असे कलम आहे. पण तेथे वाद त्याच सॉफ्टवेअरविषयी असावा लागतो. फेसबुकच्या अटीमुळे छोट्या कंपनीच्या हातातील पेटंट या एका बलाढ्य प्रतिस्पर्ध्यापुरते बोथट होत असे.

जुलै २०१७ मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांत अशा परवान्याच्या सॉफ्टवेअरला मनाई केली. निरर्थक पेटंट दाव्यांपासून बचावाची ढाल म्हणून अट हवीच, असे फेसबुकने ऑगस्टमध्ये बजावले. सप्टेंबरमध्ये वर्डप्रेसचे मॅट मुलेनवेग यांनी रिअॅक्ट सोडण्याची घोषणा केली आणि जेमतेम आठवड्याने फेसबुक नमले. रिअॅक्टला एमआयटी परवाना मिळाला, पुढे फास्टटेक्स्टलाही.

गंमत अशी, की एमआयटी परवान्यात ‘पेटंट’ हा शब्दच नाही. वापराच्या परवानगीत पेटंटचीही परवानगी गृहीत आहे, असे अनेक कायदेतज्ज्ञ मानतात. लेखी हमी मात्र उरली नाही. अपाचीत ती आहे, पण मर्यादित. गुगलने २०१३ मध्ये ‘वर्डटूव्हेक’ अपाची परवान्याखाली खुले केले आणि २०१५ मध्ये त्याच पद्धतीवर अमेरिकन पेटंटही मिळविले. तो कोड वापरणाऱ्यास संरक्षण आहे. शोधनिबंध वाचून तीच पद्धत स्वतंत्रपणे लिहिणाऱ्यास ते आपोआप मिळत नाही.

भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही. परंतु पुण्यात लिहिलेले सॉफ्टवेअर अमेरिकेत विकले गेले, की तेथील पेटंट कायदा लागू होतो. फास्टटेक्स्टने २०१८ मध्ये १५७ भाषांसाठी शब्दांची गणिती रूपे उपलब्ध केली, त्यांत मराठीही आहे. मराठी शोधयंत्र वा भाषांतराचे साधन त्यांवर उभारून परदेशी बाजारात नेणाऱ्याने कोडचा परवाना वेगळा आणि या शब्दरूपांचा वेगळा वाचावा. दोन्हींच्या अटी एक नाहीत.