पेटी नवी, धोका जुनाच

मृग पंधरवड्यावर आला आहे. गगनबावडा तालुक्यात कौलं परतून झाली, जळण आत आलं, पडवीला प्लास्टिकचे कागद लागले. या लगबगीत हल्ली वायरमनलाही बोलावणं जातं. दारामागचा जुना लाकडी बोर्ड, त्यावर चिनी मातीचे किटकॅट आणि त्यातल्या एखाद्यात फ्यूजतारेऐवजी केबल सोलून पिळलेल्या तांब्याच्या चार तारा. वायरमन हे सगळं उतरवतो आणि अर्ध्या दिवसात तिथं पांढरी पेटी बसते. आत ओळीनं सहा एमसीबी. घरधनी निर्धास्त होतो. आमचं भांडण या निर्धास्तपणाशी आहे.

एमसीबी तारेची राखण करते, माणसाची नाही. शॉर्ट झालं किंवा भार जास्त झाला तर तार पेटू नये, एवढंच तिचं काम. ओल्या अंगाच्या माणसाला २३० व्होल्टचा झटका बसतो, तेव्हा त्याच्यातून जाणारा प्रवाह शंभर-दोनशे मिलीअँपिअर असतो. पन्नास मिलीअँपिअरच्या आसपासचा प्रवाह सेकंदभर छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. सहा अँपिअरच्या एमसीबीला मात्र एवढा प्रवाह म्हणजे एखादा दिवा लागल्यासारखा. माणूस चिकटून राहतो आणि एमसीबी जागची हलत नाही.

‘आमच्याकडे अर्थिंग आहे की’ हे उत्तर ठरलेलं. इथल्या सड्यावर जांभा फोडून अर्थिंगचा खड्डा घेणं काय असतं, ते ज्यानं पहार धरली त्याला विचारा. पाइप किमान अडीच मीटर खोल जायला हवा. प्रत्यक्षात दोन फुटांवर कातळ लागतो आणि उरलेला पाइप कापला जातो. आता हिशेब करू. अशा अर्थिंगचा रोध वीस ओहम धरला आणि गिझरची फेज त्याच्या पत्र्याला लागली, तर जमिनीत साडेअकरा अँपिअर जातील. सोळाच्या एमसीबीला तो नेहमीचाच भार वाटतो. ती पडत नाही आणि कुणी हात लावेपर्यंत गिझरचा पत्रा जिवंत राहतो. वीस ओहम हा आम्ही उदार मनानं धरलेला आकडा आहे.

म्हणून इथं जीव वाचवणारं उपकरण एकच, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी. गावात अजून तिला ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलनं परत आला का, एवढंच ती पाहते. वाटेत काही गळालं, मग ते पत्र्यातून असो की माणसातून, तर ती सेकंदाच्या काही दशांशात लाईन तोडते. बादलीत हीटरचा रॉड सोडून पाण्यात हात घालणाऱ्या घरात तिच्याशिवाय दुसरा आधार नाही.

आणि खरी मेख इथंच आहे. कोल्हापूर जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस या तालुक्यात पडतो. अनेक वर्षी तो पाच हजार मिलिमीटर ओलांडतो. आषाढात भिंतीला हात लावला तर तळवा ओला होतो. पडवीतल्या दिव्याच्या होल्डरातून थोडं गळतं, बोअरच्या मोटरीतून थोडं, घरघंटीतून थोडं. सगळ्या घराला मिळून एकच आरसीसीबी असेल तर या थेंबांची बेरीज तिच्याकडे जमते. तीसची आरसीसीबी पंधराच्या पुढे कधीही पडू शकते. नियमच तिला तशी मुभा देतो. मग रात्री दोनला पूर्ण घर काळोखात. सकाळी वायरमन येतो, दोन तारा जोडतो आणि सांगतो, ‘डायरेक्ट केलंय, आता त्रास नाही.’ पेटीत आरसीसीबी दिसते, पण तिच्यातून काहीच जात नाही. नसलेल्या आरसीसीबीपेक्षा ही वाईट, कारण नसलेलीवर कुणी भरवसा ठेवत नाही.

दोष वायरमनचा थोडा, पेटी ठरवणाऱ्याचा जास्त. भिंत फोडण्याआधी कागदावर घर वाटून घ्यायला हवं. दिवे, पंखे आणि फ्रीज एका आरसीसीबीवर. गिझर, वॉशिंग मशीन आणि ओट्याजवळचे सॉकेट दुसरीवर. पडवी, गोठा आणि मोटर ही भिजणारी मंडळी तिसरीवर, म्हणजे गोठ्यातल्या ओलीनं माजघरातला दिवा जाणार नाही. प्रत्येकीचा न्यूट्रल वेगळ्या पट्टीवर हवा. जुन्या वायरिंगमध्ये एका खोलीची फेज आणि दुसऱ्या खोलीचा न्यूट्रल असा उसनवारीचा संसार असतो. इन्व्हर्टर बसवलेल्या घरात तर हमखास. तो सोडवला नाही तर आरसीसीबी पहिल्याच दिवशी पडेल आणि पहिल्याच दिवशी डायरेक्ट होईल. एमसीबीही तारेची जाडी पाहून निवडायची. गिझरनं सोळाची पडते म्हणून दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर ३२ची चढवणं म्हणजे किटकॅटमधल्या त्या पिळलेल्या तारांचाच नवा अवतार.

देशात विजेच्या धक्क्यानं गेली काही वर्षे दरसाल बारा हजारांहून अधिक माणसं मरत आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांत घरगुती जोडणीला ३० मिलीअँपिअरचं संरक्षण सांगितलं आहे, पण अगदी कमी जोडभाराच्या घरांना त्यातून सूट आहे. म्हणजे धनगरवाड्यावरचं दोन दिव्यांचं, सर्वांत ओलं घर सुटलं. ही सूट काढलीच पाहिजे. तोवर ग्रामपंचायतींनी एवढं करावं: तारांचं इन्सुलेशन मोजणारा एक मेगर आणि एक अर्थ टेस्टर विकत घेऊन गावातल्या वायरमनांच्या हाती द्यावेत. आज अर्थिंग ‘बघितलं’ जातं, मोजलं जात नाही. महावितरणची जबाबदारी मीटरपाशी संपते. त्यापुढचं घर कुणाचंच नाही, अशी सध्याची स्थिती आहे.

ज्यांच्या पेटीत आरसीसीबी आहे, त्यांनी आता हा अंक बाजूला ठेवून तिच्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबावं. दिवे गेले तर खटका पुन्हा वर करा. दिवे तसेच राहिले तर वायरमनला आजच फोन करा. गगनबावड्याच्या वाटेवर मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की त्यालाही कोल्हापुराहून येता येणार नाही.